गुळाशी तोललेली लेकरं

माझ्या आजवरच्या नोकरीत मला एकच प्रशंसापत्र मिळालं. ते कपाटात, कपड्यांच्या घडीखाली पडून आहे. बायकोने एकदा ते फ्रेम करून आणते म्हटलं, तेव्हा मी इतका चिडलो की तिने पुन्हा तो विषय काढला नाही. बालवाडीच्या पोषण आहारावरच्या खर्चात मी लक्षणीय बचत केली, याबद्दल कार्यालय माझं कौतुक करतं, असं त्यात लिहिलं आहे.

संपादकांनी माझ्याकडे सरकारी नोकरीतले चार गमतीचे किस्से मागितले होते. किस्से आहेत माझ्याकडे. पण लिहायला बसलं की हा कागदच आधी पुढे येतो. पन्नाशी उलटली, आता तो उघडून दाखवायला हरकत नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, अकोल्याखालचा तालुका होता. मी तेविशीत होतो आणि इकडच्याच एका पंचायत समितीत कारकून म्हणून नुकता लागलो होतो. माझ्या वाट्याला जे टेबल आलं ते कुणालाच नको असायचं. रस्ते, विहिरी, बांधकाम या टेबलांभोवती माणसांची गर्दी, आणि माझ्याकडे बालवाड्या. गावोगावच्या बालवाडीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांना रोज सुकडी द्यायची. सुकडी म्हणजे भाजलेलं पीठ, गूळ आणि तेल एकत्र करून केलेला खाऊ. तिचा सगळा कागद माझ्या हातात.

बाहेरच्या माणसाला वाटतं, सरकारने मुलांवर किती खर्च करायचा हे कुठेतरी मोठ्या खोलीत मोठी माणसं विचार करून ठरवतात. ठरवत असतीलही. माझ्या टेबलावरून मात्र ते असं दिसायचं: वर्षातून एकदा एक लांब कागद भरून वर पाठवायचा. त्यात तीन रकाने. मागच्या वर्षी प्रत्यक्ष किती खर्च झाला, यंदा किती मिळाले, पुढच्या वर्षी किती पाहिजेत. वरचा माणूस तिसरा रकाना वाचायच्या आधी पहिला वाचायचा. मागच्या वर्षी कमी लागले ना, मग पुढच्या वर्षी कमी द्या. कमी का लागले हे लिहायला त्या कागदावर जागाच नव्हती.

दुसरी गंमत मार्चची. उरलेला पैसा वर्षअखेरीला परत जातो, म्हणून जे एकदम विकत घेता येतं ते मार्चमध्ये घेतलं जायचं. पाट्या, चित्रांचे तक्ते, पातेली. एका बालवाडीला एवढं मोठं पातेलं गेलं की ते गावच्या लग्नांमध्येच जास्त दिसू लागलं. तिथले सरपंच टोपी काढून माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "बाबूजी, पुढच्या मार्चात एक झारा बी पाठवा. झाऱ्याबिगर पातेलं शोभत नाई."

मी रागावलो तर म्हणाले, "रागावता काहून? वऱ्हाडात बी लेकरं असतेतच न!"

यावर मीही हसलो होतो. पण पातेलं मार्चमध्ये घेता येतं. मुलाचं जून ते फेब्रुवारीचं खाणं मार्चमध्ये एका दमात घालता येत नाही. हे मला कळायला एक वर्ष लागलं, आणि त्या वर्षाची किंमत दुसऱ्यांनी मोजली.

अनसिंगच्या पुढे एक गाव आहे. नाव लिहीत नाही. चावडीच्या खोलीत तिथली बालवाडी भरायची. सेविका अनुसयाबाई माळ्याच्या घरातल्या, तिशीच्या. सकाळी मळ्यातली मेथी-वांगी तोडून बाजाराला लावायच्या आणि मग मुलं गोळा करायच्या. मी पहिल्यांदा तपासणीला गेलो तेव्हा रजिस्टरात एकसष्ट नावं होती, आणि खोलीत मुलंही एकसष्टच होती. मला बरं वाटलं. मग नीट पाहिलं. त्यांतली बरीच मुलं बहिणींच्या कडेवर होती.

"बाई, तीन वर्षांचं मूल कडेवर कसं?"

"मोठी पोट्टी इथी आली तं धाकलीले कुठी ठेवन, सायब? माय तं शेतात निंदाले जाते."

"मग वय तीन का लिहिलं?"

"नाई लिवलं तं तुमी खाऊ देता?"

मी प्रामाणिक माणूस होतो. हे मी स्वतःला दोष देण्यासाठीच लिहितो आहे. मी कधी कुणाचा चहासुद्धा फुकट घेतला नाही. नियमात तीन वर्षं लिहिलं होतं आणि रजिस्टरात खोटं वय होतं, एवढंच मला दिसलं. मी लाल पेन काढला आणि सव्वीस नावं खोडली.

त्यात गंगा नावाची दीड वर्षांची मुलगी होती. तिची बहीण शोभा पाचेक वर्षांची, तिला कडेवर घेऊन माझ्या शेजारी वाकून पाहत होती. तिला अक्षरं येत नव्हती. मी गंगाचं नाव मोठ्याने वाचून मारलेली लाल रेघ तेवढी दिसली.

"बाई, पाहा न! आमच्या गंगीचं लालमधी लिवलं," ती आनंदाने ओरडली.

मी सायकलवर बसून पुढच्या गावाला गेलो. त्या वर्षी मी तालुक्यातल्या एकूण एक बालवाड्यांची रजिस्टरं अशीच 'स्वच्छ' केली. खर्च उतरला, उरलेलं परत गेलं, आणि मला ते प्रशंसापत्र मिळालं. मी आईला पेढे नेले होते.

पुढच्या वर्षीची तरतूद आली ती पहिल्या रकान्यावर बेतलेली. त्यात पीठ-तेल महागलं. ज्यांची नावं राहिली होती त्यांनासुद्धा आठवड्यात सहा दिवसांऐवजी तीनच दिवस खाऊ पुरू लागला. आमच्या कार्यालयातले हेडक्लार्क देवरावजी, चष्मा कपाळावर सरकवून बोलणारे शांत गृहस्थ, त्यांनी माझा कागद पाहिला आणि म्हणाले, "तू पैसे वाचवले असं तुले वाटून राह्यलं काय, बापा? तू मागणी मारली. खर्च उतरला का वरच्याले वाटते, पोट्ट्यांची पोटं भरली."

मी त्याच आठवड्यात अनसिंगच्या पुढच्या त्या गावी गेलो. रजिस्टरात पस्तीस नावं, खोलीत एकोणीस मुलं. मी शोभाची चौकशी केली.

"थे नाई येत आता," अनुसयाबाई म्हणाल्या. "एकीले खाऊ भेटते, एक पाहत राह्यते. कोन्या मायले पाह्यवन? दोघीले घरीच बसवलं तिनं." मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "तुमी नावं खोडली, सायब. भूक काई खोडल्या गेली नाई."

मी शोभाच्या घरी गेलो. आई राधाबाई कामावर गेली होती. दारात शोभा बसलेली, पुढ्यात गंगी. गंगी आता अडीच वर्षांची होती आणि चालत नव्हती. भिंतीला धरून उभी राहिली की पाय थरथरायचे, आणि ती न रडता खाली बसायची. शोभाने मला ओळखलं.

"आता गंगीचं पुन्हा लिवता काय?"

"लिहितो," मी म्हणालो.

असं म्हणायचा मला काहीही अधिकार नव्हता. नियम तोच होता, तरतूद तर आणखी कमी झाली होती. पण पाच-सहा वर्षांच्या मुलीला 'लिहितो' म्हटलं आणि त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना.

वर्षाच्या मध्ये जास्त रक्कम हवी असेल तर वाढीव मागणी पाठवावी लागते, आणि तिला कारण जोडावं लागतं. आमचे साहेब म्हणाले, "गरज आहे हे कशावरून? डोळ्यांत पाणी आणू नका, कागद आणा." आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी सुचवलं, मुलांची वजनं घ्या. वयाला किती वजन पाहिजे याचा एक तक्ता त्यांनी मला उतरवून दिला. पण गावात लहान मुलाचं वजन करायला काटा कुठून आणायचा?

अनसिंगच्या बाजारात शांतीलालजी म्हणून गूळ-धान्याचे जैन व्यापारी होते. बालवाडीचा गूळ त्यांच्याकडूनच जायचा. त्यांच्याकडे टांगायचा मोठा तराजू होता. मी गेलो तेव्हा म्हणाले, "घेऊन जा, बाबूजी. मी बी येतो. तराजू दुसऱ्याच्या हाती देत नसतो मी."

चावडीसमोरच्या लिंबाला तराजू टांगला. एका पारड्यात लोखंडी मापं, दुसऱ्यात फडकं अंथरलं. बायका जमल्या, आणि मापं पाहून मागे सरकल्या. राधाबाई सगळ्यांत आधी बोलली.

"लेकरू काय सरकी हाये काय तोलाले? लोखंडाशी तोललं का उतरते लेकरू. उचल गं शोभे तिले."

अर्ध्या घटकेत अंगण रिकामं झालं. लिंबाखाली मी, शेटजी आणि रिकामा तराजू. शेटजी म्हणाले, "गिऱ्हाइक गेलं तुमचं."

मी पायरीवर डोकं धरून बसलो. अनुसयाबाईंनी मला पाणी आणून दिलं आणि हळूच म्हणाल्या, "सायब, नवस फेडतानी आमी तोलतोच न लेकरू देवीपुढं? गुळाशी. तवा नाई लागत नजर."

"पण नवस कोणी केलाय?"

"तुमी. सरकारले मागून राह्यले न तुमी लेकरांसाठी? मंग नवस तुमचाच. गूळ आना."

गूळ शेटजींनी आणला. पुढच्या आठवड्यात, बाजार नसलेल्या दिवशी, पाच-सहा भेल्या, म्हणजे गुळाच्या लहान-मोठ्या ढेपा, पोत्यात घालून ते बैलगाडीने आले. अनुसयाबाईंनी तराजूला हळदकुंकू लावलं. युक्ती साधी होती. एका पारड्यात मूल, दुसऱ्यात गूळ. पारडी बरोबर झाली की मूल उतरवायचं आणि नंतर तो गूळ लोखंडी मापांनी तोलायचा. लोखंड लागलं ते गुळाला, लेकराला नाही. आणि तोलून झालेल्या मुलाला गुळाचा खडा.

या वेळी अंगण भरलं. राधाबाई गंगीला घेऊन आली, पण शेटजींकडे संशयाने पाहत होती.

"शेटजी, दांडी सरळ धरजा बरं!"

"तूच धर, माय," शेटजी बाजूला झाले. "आज दांडी तुह्याच हातात."

बायका हसल्या. राधाबाईने पदर खोचला आणि खरंच दांडी धरली. चार-पाच मुलं झाली. एक पोरगा पारड्यात बसून समोरच्या गुळाकडे हात लांबवत होता, तो काही केल्या स्थिर होईना. "भूक तोलाची हाये का पोट्टं तोलाचं हाये?" कुणीतरी ओरडलं, आणि पुन्हा हशा.

मग गंगीची पाळी आली. शेटजींनी समोर अख्खी भेली ठेवली. गंगीचं पारडं झटकन वर गेलं. शेटजींनी ती भेली काढून दुसरी लहान ठेवली. पारडं वरच. त्यांनी तिचा एक कोपरा फोडला. तरी वर. आणखी एक तुकडा काढला. पारडी जेव्हा बरोबर झाली तेव्हा पलीकडे जो गूळ उरला, तो तिथल्या कोणत्याही बाईने एका हाताने उचलला असता. मापांनी तोलला, सात किलो भरला. माझ्या हातातल्या तक्त्यात ते सात-आठ महिन्यांच्या मुलाचं वजन होतं.

राधाबाई अजून दांडी धरूनच उभी होती. "माय वो," ती म्हणाली, "एवढीच हाये काय थे?"

रोज कडेवर घेतलेलं मूल तिने त्या दिवशी पहिल्यांदा गुळाच्या ढेकळात पाहिलं, आणि मी माझी लाल रेघ. शोभाने दोन खडे मागून घेतले, एक तिचा, एक गंगीचा.

त्या दिवशी एकाही आईने नकार दिला नाही. पुढचे दोन महिने मी, तराजू आणि शेटजींची बैलगाडी अशी आमची वरात गावोगाव फिरली. गुळाच्या पैशांचं शेटजींनी विचारूही दिलं नाही. एवढंच म्हणाले, "लेकरांनी चाटला, कमी भरला. व्यापारात चालते."

वजनांच्या याद्या जोडून मी वाढीव मागणी लिहिली. कारणांच्या जागी शेवटी दोन वाक्यं लिहिली: मागील वर्षी खर्च कमी झाला तो मुलांची गरज कमी झाल्यामुळे नव्हे. त्यांची नावे मी रजिस्टरातून खोडली होती.

देवरावजींनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "हे काढ. असं कोनी आपल्या हातानं लिहून देते काय? नोकरी पक्की व्हायची हाये तुही."

"हे काढलं तर पहिला रकाना खरा ठरतो," मी म्हणालो.

त्यांनी कागद पुन्हा एकदा वाचला आणि स्वतःच्या हाताने पाकीट चिकटवलं.

जिल्ह्याच्या ठिकाणी मला बोलावणं आलं. तिथले अधिकारी वयस्क होते. त्यांनी आधी विचारलं, "हे 'गुळाशी तोलून' म्हणजे काय?" मी सगळं सांगितलं. मग त्यांनी त्या दोन वाक्यांवर बोट ठेवलं.

"हे कोणी लिहायला लावलं?"

"कोणी नाही."

"दरवर्षी कुठला ना कुठला खर्च उतरलेला माझ्याकडे येतो," ते म्हणाले. "उतरवणारा माणूस आज पहिल्यांदा पाहतो आहे."

त्यांनी मागणी मंजूर केली. बालवाडीतल्या मुलांची धाकटी भावंडं, असा एक नवा रकाना काढायला लावला. आणि विचार न करता नावं कमी केल्याबद्दल मला ताकीद दिली. ती माझ्या सेवापुस्तकात एका ओळीत नोंदलेली आहे. प्रशंसापत्रापेक्षा ती ओळ मला जवळची वाटते.

गंगीचं नाव मी निळ्या शाईने लिहिलं. दर तीन महिन्यांनी गुळाची तुला होत राहिली, आता गावालाच तिची सवय लागली होती. पुढच्या कापूस वेचणीच्या आत गंगी चालत तराजूपर्यंत आली. आणि एका तुलेत तिच्यासमोर अख्खी भेली ठेवली, तरी तिचं पारडं खालीच राहिलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. राधाबाईने त्या दिवशी शेटजींच्या हातावर मेथीची जुडी ठेवली.

पुढे नव्या योजना आल्या. बालवाड्यांच्या अंगणवाड्या झाल्या, सहा वर्षांखालचं प्रत्येक मूल धरलं जाऊ लागलं, त्यांच्या आयासुद्धा. तो दिवस मी याच नोकरीत पाहिला, याचा मला आनंद आहे. हल्ली बैठकीत कुणी मुलांवरच्या खर्चाचा आलेख दाखवतं. रेघ एकूण वर जाते. पण मध्येच ती जिथे उतरते, तिथे मी हात वर करतो आणि विचारतो, इथे गरज संपली की कोणी नावं खोडली? तरुण अधिकारी हसतात. काही जण मात्र खरंच शोधून काढतात, आणि मला येऊन सांगतात.

एक गोष्ट मला परत आणता आली नाही. खाऊ पुन्हा सुरू झाला तेव्हा शोभा शाळेच्या वयाची झाली होती. मी तीनदा तिच्या घरी गेलो. पण मधले ते महिने घरी बसलेली मुलगी घराच्या उपयोगाची झाली होती. ती शाळेत गेलीच नाही. गंगी चौथीपर्यंत शिकली, शोभाने पाटी धरली नाही. त्याची नोंद कुठल्याच रकान्यात नाही, म्हणून इथे करतो.

परवाच्या उन्हाळ्यात मी त्या गावच्या अंगणवाडीत पर्यवेक्षणाला गेलो. अनुसयाबाई कधीच थकून मळ्यात बसल्या आहेत, आता नवी, तरतरीत सेविका आहे. काटाही नवा, घड्याळासारखी तबकडी आणि खाली झोळी. मुलांची वजनं चालली होती. तिशी उलटलेली एक बाई आपल्या दोन वर्षांच्या मुलाला घेऊन पुढे आली. काट्याकडे वर-खाली पाहून म्हणाली, "आन् गुळाचं पारडं कुठी गेलं वो?"

मी तिच्याकडे पाहिलं. "शोभा?"

सेविका घाईने म्हणाली, "सायब, हिचं लेकरू आपल्याकडचं नाही. ही माहेराले आली, दोन महिने राहणार हाये. सासर मालेगावकडं. नाव तिकडच्या रजिस्टरात पाहिजे. मी काही लिहिलं नाही." मी नियमाचा माणूस म्हणून ओळखला जातो, याचा तो पुरावा.

मी शोभाला बाजूला बसवलं आणि इतक्या वर्षांनी सगळं सांगितलं. लाल रेघेचं, तिच्या शाळेचंही. ती ऐकत होती, मुलाचं नाक पुसत होती.

"मले तं रेघ आठवत नाई," ती म्हणाली. "गूळच आठवते. गंगीच्या वाट्याचा खडा बी मीच खाल्ला होता, सायब. कोनाले नाई सांगतलं आजवर." आणि हसली. मग मुलाला माझ्यापुढे उभं केलं. "शाळेचं जाऊ द्या आता. याचं लिवा."

मी रजिस्टर ओढलं आणि शेवटच्या नावाखाली नाव लिहिलं.

"तपासणीत विचारतीन तं, सायब?" सेविका म्हणाली.

शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, 'माझ्या सांगण्यावरून', आणि खाली पूर्ण नावाची सही केली. मुलाला झोळीत बसवलं. काटा थरथरला आणि स्थिर झाला. वजन चांगलं होतं.

"आन् गूळ?" शोभाने विचारलं.

दुकान समोरच होतं. मी उठलो.